वसंतात काळ्या अस्वलाच्या शिकारीला: मोंटानात पहिल्यांदा जाणाऱ्या मित्रांसाठी

पश्चिम मोंटानातल्या डोंगरांवरचा बर्फ वितळायला लागला की काळी अस्वलं गुहांमधून बाहेर पडतात आणि १५ एप्रिलला त्यांच्या शिकारीचा वसंतातला हंगाम उघडतो. भागाप्रमाणे तो मे अखेरपर्यंत किंवा जूनच्या मध्यापर्यंत चालतो. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काहींना ऑफिसातले सहकारी किंवा शेजारी "या वर्षी चल आमच्याबरोबर" असं म्हणतात आणि मग प्रश्न सुरू होतात. व्हिसावर असताना बंदूक हातात घेता येते का? ग्रिझली (संरक्षित असलेलं वेगळ्या जातीचं अस्वल) समोर आलं तर? मांसाचं काय करायचं? या प्रश्नांची उत्तरं नीट क्रमाने कुठे सापडत नाहीत, म्हणून हा लेख.

पुढचं सगळं ज्या एका नियमावर उभं आहे, तो आधीच सांगतो. ही शिकार बहुतेक वेळ दुर्बिणीने होते, रायफलचं काम शेवटच्या काही मिनिटांचं असतं. आणि मित्रांबरोबर जायचा खरा फायदा असा की दुर्बिणीमागे डोळ्यांच्या दोन जोड्या असतात. म्हणून घरून निघण्यापूर्वीच गटात ठरवून टाका: दोघांनी स्वतंत्रपणे पाहून "काळं अस्वल आहे, बरोबर पिल्लं नाहीत" असं म्हटल्याशिवाय गोळी सुटणार नाही. दोघांपैकी एकाला जरी शंका आली, तर विषय संपला. तिथे वाद घालायचा नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना घरातून या विषयाची काहीच ओळख नसते. मोंटानात शिकार हा सरकारी देखरेखीखाली चालणारा, मोजून-मापून केलेला व्यवहार आहे. बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो आणि प्राण्यांची गणना, अधिवासाची राखण, शिकार-सुरक्षेचे वर्ग यांवर खर्च होतो. मन तयार होत नसेल तर नुसतं दुर्बीण घेऊन बरोबर जा. त्यात कमीपणा काही नाही आणि गटाला अशा माणसाची गरज असतेच.

आधी कागदपत्रं, मग बाकी सगळं

तयारी जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करा. मोंटानाच्या फिश, वाइल्डलाइफ अँड पार्क्स खात्याचं (सगळे त्याला एफडब्ल्यूपी म्हणतात) त्या वर्षीचं काळ्या अस्वलाच्या नियमांचं पुस्तक ऑनलाइन मिळतं. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. कुठला भाग कधी बंद होतो ते त्यात आहे. एखाद्या भागात माद्यांची ठरलेली मर्यादा गाठली गेली तर हंगाम मध्येच बंद होऊ शकतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

१ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-शिक्षणाचा वर्ग पूर्ण केल्याचा दाखला लागतो. दुसऱ्या राज्यात घेतलेला दाखलाही चालतो. त्याशिवाय अस्वलाच्या लायसन्ससाठी अस्वल ओळखण्याची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात ८० टक्के गुण पडावे लागतात. बाहेरच्या राज्यातल्यांना कन्झर्व्हेशन लायसन्स, बेस हंटिंग लायसन्स आणि मग काळ्या अस्वलाचं लायसन्स असं एकावर एक घ्यावं लागतं. सोबत व्यावसायिक गाइड असण्याची इथे सक्ती नाही. आमिष टाकून अस्वल मारणं मोंटानात बेकायदेशीर आहे. शेजारच्या आयडाहोत बऱ्याच भागांत ते चालतं, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून इकडचे नियम ठरवू नका.

आता व्हिसाचा मुद्दा. हा हलक्यात घेऊ नका. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने मना आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर "जरा धर" म्हणून हातात घेणंसुद्धा बाळगणं ठरू शकतं. म्हणजे क्रम असा: आधी वर्ग, मग लायसन्स, लायसन्सची प्रत खिशात, आणि त्यानंतरच रायफलला हात. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागू होत नाही. ग्रीन कार्डचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज चालू असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून विचारून घ्या. त्या उत्तराला आठवडा लागला तरी चालेल.

विमानाने येणार असाल तर रायफल रिकामी करून कुलूपबंद कडक पेटीत घाला, काउंटरवर जाहीर करा आणि चेक-इन सामानात द्या. अस्वलाचा स्प्रे (चाल करून येणाऱ्या अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) मात्र कुठल्याच सामानात चालत नाही. तो मिझुला किंवा कॅलिस्पेलला उतरल्यावर विकत घ्यायचा.

काळं अस्वल की ग्रिझली

या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या ग्रिझलीला १९७५पासून संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचं संरक्षण आहे. चुकून ग्रिझली मारलं तर खटला, दंड, लायसन्स जप्ती हे सगळं मागे लागतं. आणि एक ग्रिझली मादी गेली की तिच्या पुढच्या कितीतरी वर्षांची पिल्लं गेली, हे नुकसान कुठल्याच दंडाने भरून येत नाही. मोंटानातली ग्रिझली आता फक्त ग्लेशियर आणि यलोस्टोनच्या आसपास राहिलेली नाहीत. कॅबिनेट डोंगर आणि याकच्या खोऱ्यात ती आहेत, बिटररूटमध्येही दिसू लागली आहेत. म्हणून "या भागात ग्रिझली नसतं" असं कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी तुम्ही असतं असंच धरून चाला.

नवखा माणूस रंग बघतो आणि तिथेच फसतो. काळं अस्वल काळंच असतं असं नाही. तपकिरी, दालचिनी, अगदी भुरकट सोनेरीसुद्धा असतं. ग्रिझली गडद, जवळजवळ काळं असू शकतं. आकारही फसवतो, कारण तीनशे मीटरवरच्या उघड्या उतारावर तुलनेला काहीच नसतं. तरुण ग्रिझली मोठ्या काळ्या अस्वलापेक्षा लहान असू शकतं. म्हणून रंग आणि आकार दोन्ही बाजूला ठेवा आणि या चार गोष्टी बघा.

पहिली, खांदा. ग्रिझलीच्या खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. तो जमीन उकरायच्या स्नायूंचा असतो. काळ्या अस्वलाचा सगळ्यात उंच भाग बहुधा पाठीचा मध्य किंवा मागचा भाग असतो. पण काळं अस्वल मान खाली घालून चरत असलं किंवा चढावर उभं असलं तर त्याचाही खांदा वर आलेला दिसतो, म्हणून ते सपाटीवर आडवं चालेपर्यंत थांबा.

दुसरी, चेहऱ्याची बाजू. काळ्या अस्वलाचं कपाळ ते नाक जवळजवळ सरळ उतरतं. ग्रिझलीच्या डोळ्यांमध्ये खोलगट वळण असतं, चेहरा बशीसारखा दिसतो. तिसरी, कान. काळ्या अस्वलाचे उंच आणि उठून दिसणारे, ग्रिझलीचे आखूड आणि गोल, डोक्याच्या केसांत बुडालेले. चौथी, नखं. ग्रिझलीच्या पुढच्या पायांची नखं लांब, बहुधा फिकट आणि कमी वळलेली. काळ्या अस्वलाची दोन इंचांपेक्षा आखूड, गडद आणि वाकडी. नखं दुर्बिणीतून क्वचितच दिसतात, पण ओल्या मातीतल्या ठशांत स्पष्ट उमटतात. ठशात नखांच्या खुणा बोटांपासून लांब पडलेल्या असतील तर त्या घळीत संध्याकाळी बसू नका.

चारपैकी एकाच खुणेवर कधी निर्णय घेऊ नका. किमान तीन जुळल्या पाहिजेत आणि त्या दोघांनी वेगवेगळ्या पाहिलेल्या असल्या पाहिजेत. आमच्या गटात पद्धत अशी आहे की दुसरा माणूस पहिल्याचं मत ऐकण्याआधी आपलं मत सांगतो. "ते बघ, केवढं काळं अस्वल!" असं एकदा कानावर पडलं की दुसऱ्यालाही तेच दिसायला लागतं.

मग मादी आणि पिल्लं. पिल्लं असलेली मादी मारणं बेकायदेशीर आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत गुहेतच जन्मतात आणि पुढच्या वर्षीच्या जूनच्या आसपासपर्यंत आईबरोबर राहतात. म्हणजे मे महिन्यात मादीबरोबर मांजराएवढी पिल्लंही असू शकतात आणि वर्षाची, बऱ्यापैकी मोठी झालेलीही. लहान पिल्लांना ती झाडावर चढवून ठेवते आणि स्वतः उघड्यावर चरायला येते. उतारावर एकटं दिसलेलं अस्वल एकटंच आहे हे समजायला अर्धा तास तरी लागतो. त्याच्या आसपासची झाडं, खोडाजवळची झुडपं, मागचा काठ, सगळं दुर्बिणीने विंचरून काढा. ते वारंवार एकाच झाडाकडे मान वळवत असेल, तर त्या झाडावर पिल्लं आहेत असं धरा आणि दुर्बीण दुसऱ्या उतारावर न्या.

नर आणि मादी ओळखायला डोक्यापेक्षा कान उपयोगी पडतात. मोठ्या नराच्या डोक्याच्या मानाने कान लहान आणि एकमेकांपासून लांब दिसतात. मादीचा चेहरा अरुंद, कान मोठे. गुहेतून नर आधी बाहेर येतात, पिल्लांवाल्या माद्या सगळ्यात शेवटी. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य हा काळ निवडावा असं माझं मत आहे. जून जवळ आला की समागमाचा काळ सुरू होतो आणि नर दिवसभर भटकतात, तेव्हा दिसण्याची शक्यता वाढते. पण माद्या आणि पिल्लंही तेव्हा उघड्यावर असतात आणि अस्वलांनी झाडांवर अंग घासल्यामुळे कातडंही जागोजागी विरळ झालेलं असतं.

अस्वल कुठे शोधायचं

हिवाळाभर अस्वलाने काही खाल्लेलं नसतं, पाणीही प्यालेलं नसतं. बाहेर आल्यावर पहिले काही दिवस ते मंदावलेलं असतं, गुहेच्या आसपासच घोटाळतं. त्याला सगळ्यात आधी कोवळं गवत लागतं, कारण कोवळ्या पात्यांत प्रथिनं भरपूर असतात आणि ती पचायला सोपी. म्हणून शोधायचं ते हिरवं.

हिरवं सगळ्यात आधी दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर उगवतं. हिमलोटाने झाडं साफ करून टाकलेल्या घळी, जुनं लाकूड तोडलेले पट्टे आणि कूटनी किंवा लोलो राष्ट्रीय वनातले बंद केलेले लाकूडतोडीचे जुने रस्ते, ही खरी ठिकाणं. अशा रस्त्यांच्या कडेला माती धरून ठेवायला गवत आणि क्लोव्हर पेरलेलं असतं, त्यात डँडेलियनची पिवळी फुलं येतात आणि अस्वलं तिथे गुरांसारखी चरतात. ज्या रस्त्यावर फाटक लावून गाड्यांना बंदी केली आहे पण पायी जायला मोकळीक आहे, तो नवख्या गटासाठी सोन्यासारखा. गाडी फाटकाबाहेर अडथळा होणार नाही अशी लावा आणि चालत जा.

एप्रिलमध्ये हिरवा पट्टा खाली असतो, महिनाभराने तो बर्फाच्या रेषेच्या मागोमाग वर सरकतो. तुम्हीही त्या रेषेच्या खाली-खाली राहा. वाटेत ताजी विष्ठा दिसेल. गवत खाल्लेल्या अस्वलाची ती हिरवट, तंतुमय असते आणि वास जेमतेम येतो. एकाच रस्त्यावर जुन्या-नव्या मिळून बऱ्याच विष्ठा दिसल्या तर त्या रस्त्यावर रोज कोणीतरी जेवायला येतं आहे.

खासगी जमिनीत शिकार करायला मालकाची परवानगी लागतेच. हद्द कुठे आहे ते फोनमधल्या ऑनएक्ससारख्या नकाशात दिसतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा, खोऱ्यांत नेटवर्क मिळत नाही.

सामान

थोडक्यात: १० बाय ४२ची (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) चांगली दुर्बीण आणि ती बसवायला तिकाटणं. पैसे कमी असतील तर रायफलवर वाचवा, दुर्बिणीवर वाचवू नका. गटात एक स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) आणि एक अंतर मोजायचं यंत्र पुरतं. रायफल .३०८ किंवा .३०-०६ काडतुसाची असली तर काळ्या अस्वलाला पुरेशी आहे. ती स्वतः रेंजवर, गुडघ्यावर आणि पाठपिशवीवर टेकवून चालवून पाहिलेली असली पाहिजे. जितक्या अंतरावरून सलग गोळ्या ताटाएवढ्या गोलात जातात तितकीच तुमची मर्यादा. नवख्यासाठी ती दोनशे यार्डांच्या आतच धरा.

कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक, थरांवर थर. सुती नको, भिजलं की वाळत नाही आणि मे महिन्यातही तिथे दुपारी ऊन आणि रात्री हिमवर्षाव होतो. नारिंगी जॅकेट किंवा टोपी घाला, गटात एकमेकांना दिसणं महत्त्वाचं. प्रत्येकाकडे हेडलॅम्प आणि जास्तीच्या बॅटऱ्या, दोन धारदार चाकू, मांसासाठी जाळीदार कापडी पिशव्या, नायलॉनची दोरी. आणि प्रत्येकाच्या कमरेला, पिशवीत नव्हे, स्वतःचा अस्वल-स्प्रे.

दिवस कसा जातो

सकाळी घाई करायची गरज नाही. वसंतातलं अस्वल दुपारनंतर बाहेर येतं आणि संध्याकाळचे शेवटचे तीन तास सगळ्यात चांगले. कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. मेच्या शेवटी तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे दिवस लांबलचक असतो. दुपारी झोप काढा, चारच्या सुमाराला जागेवर जाऊन बसा.

बसायचं समोरच्या उतारावर, ज्या उतारावर अस्वल अपेक्षित आहे त्याच्यावर नाही. दरीच्या पलीकडून बघितलं की आख्खा डोंगर डोळ्यांपुढे उघडा पडतो. समोरच्या उताराचे मनातल्या मनात पट्टे करा, दोघांनी वाटून घ्या आणि दुर्बीण तिकाटण्यावर ठेवून सावकाश फिरवा. काळा ठिपका दिसला की बहुतेक वेळा तो जळका खुंट असतो. त्याच्याकडे पाच मिनिटांनी परत बघा. खुंट हलत नाही. तासाभराने डोळे थकतात, तेव्हा जोडी बदला. चिवडा खा, पण पिशवी कुरकुरवू नका.

वाऱ्याची दिशा समजून घेतल्याशिवाय अस्वलाकडे एक पाऊलही टाकू नका. अस्वलाची नजर बरी असते, पण नाक विलक्षण. दिवसा ऊन लागून तापलेली हवा उतारावरून वर चढते, म्हणून दुपारी वरून जायचं. संध्याकाळी सावली पडली की हवा गार होऊन खाली वाहायला लागते, मग खालून किंवा आडवं जायचं. पलटीची वेळ अवघड असते, वारा इकडून-तिकडे फिरतो. तेव्हा वीस मिनिटं थांबणं शहाणपणाचं. खिशात पिठीची छोटी बाटली ठेवा, चिमूटभर उडवली की वारा दिसतो.

जवळ जाताना एकजण मागेच थांबतो, दुर्बिणीतून अस्वल बघत राहतो आणि ठरलेल्या हाताच्या खुणांनी दिशा दाखवतो. खाली घळीत उतरल्यावर समोरचं काहीच दिसत नाही, तेव्हा या मागच्या माणसावरच सगळं चालतं. आधीच ठरवा कोण पहिली गोळी झाडणार. शेजारी चालणाऱ्याची रायफल रिकामी, नळी आभाळाकडे किंवा बाजूला.

गोळी

अस्वल पूर्ण आडवं उभं असेल तेव्हाच. समोरून नको, पाठमोरं असताना नको, डोक्यावर नको. जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असू द्या, म्हणजे फुप्फुसं मोकळी होतात. खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश उंचीवर नेम. दाट केसांमुळे पोट खाली लोंबतं आणि छातीची खरी कडा त्यापेक्षा वर असते, हे लक्षात ठेवा. मागे काय आहे ते बघा. पहिल्या गोळीनंतर लगेच दुसरं काडतूस चढवा आणि अस्वल उभं असेपर्यंत डोळा काढू नका.

अस्वलाच्या चरबीने आणि केसांनी रक्त शोषलं जातं, त्यामुळे जमिनीवर फारसा माग पडत नाही. ते शेवटचं कुठल्या झाडाआड गेलं ते मागच्या माणसाने नेमकं लक्षात ठेवायचं. अर्धा तास थांबा. मग दोघांनी मिळून, एकाच्या हातात रायफल आणि दुसऱ्याच्या हातात स्प्रे, हळू पुढे. जखमी अस्वल शोधणं ही गोळी मारणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती दुसऱ्या दिवशीही संपत नाही.

सापडलं की सगळ्यात आधी टॅग (लायसन्सबरोबर मिळणारी, मारलेल्या प्राण्यासाठीची चिठ्ठी) वैध करा, फोटो नंतर. अस्वल नर की मादी याचा पुरावा कातड्याला लागलेला राहिला पाहिजे. मग पटकन कातडं काढा, कारण चरबीखालचं मांस उष्णता धरून ठेवतं. कापणाऱ्याचं लक्ष चाकूकडे असतं, म्हणून एकाने फक्त पहारा द्यायचा, स्प्रे हातात घेऊन, वारा ज्या बाजूला वाहतो आहे तिकडे तोंड करून. गोळीच्या आवाजानंतर आणि रक्ताच्या वासाने ग्रिझली येऊ शकतं. ते आलंच तर मांस सोडून मागे सरका. एका खेपेत सगळं नेता येत नसेल, तर उरलेलं शंभर मीटर दूर मोकळ्या जागी, लांबून दिसेल असं ठेवा आणि परत येताना आधी दुर्बिणीने बघा.

४८ तासांच्या आत शिकारीची नोंद एफडब्ल्यूपीकडे करावी लागते. कवटी आणि कातडं तपासणीला कधी, कुठे न्यायचं हे त्या वर्षीच्या पुस्तकात दिलेलं असतं. तिथे एक लहान दात काढून घेतात. त्याच्या थरांवरून वय कळतं आणि त्या आकड्यांवर पुढच्या हंगामाची मर्यादा ठरते. कवटी गोठवून आणली तर जबडा उघडत नाही, म्हणून आधी तोंडात लाकडाचा तुकडा घालून ठेवा.

तळ

स्वयंपाक, खाणं आणि मांस झोपायच्या तंबूपासून शंभर यार्ड दूर. टूथपेस्टसुद्धा तिकडेच. राष्ट्रीय वनांत अन्न ठेवण्याचे आदेश आहेत: अस्वलरोधक डब्यात, बंद गाडीत, किंवा जमिनीपासून दहा फूट उंच आणि खोडापासून चार फूट दूर टांगून. फोडणीचा वास कपड्यांना बसतो, त्या कपड्यांत झोपू नका.

ओढे सकाळी उतरतात आणि दिवसभर बर्फ वितळून संध्याकाळी चढतात. जाताना गुडघ्याएवढं असलेलं पाणी परतताना मांड्यांपर्यंत आलेलं असतं, तेही अंधारात आणि पाठीवर ओझं असताना. म्हणून संध्याकाळची जागा निवडताना मध्ये मोठा ओढा नको.

रोज रात्री गोचिडी तपासा: काख, जांघ, केसांची कड, कमरपट्ट्याखाली. एप्रिल ते जून आणि दक्षिणेचे उतार, म्हणजे अस्वलाची आणि गोचिडीची जागा एकच. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरचा अभ्यास याच बिटररूट खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. घरी परतल्यावर ताप आणि डोकेदुखी आली तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

मांस

गवतावर वाढलेलं वसंतातलं अस्वलाचं मांस चवीला चांगलं असतं, पण त्यात ट्रिकिनेला नावाचा सूक्ष्म कृमी असू शकतो. २०२२मध्ये साउथ डकोटातल्या एका कौटुंबिक मेळाव्यात अस्वलाचे कबाब भाजले होते. मांस ४५ दिवस फ्रीझरमध्ये होतं, तरी सहा जण आजारी पडले. त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच सळईवरच्या भाज्या खाल्ल्या होत्या. अस्वलाचं मांस गडद असल्याने ते कच्चं राहिलंय हे डोळ्यांना कळलं नाही.

म्हणून गोठवण्यावर विश्वास ठेवू नका. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसला गेलं पाहिजे आणि ते थर्मामीटरने बघा. आपल्या स्वयंपाकघराला हे सोपं आहे, कारण कच्चट मांस आपल्याकडे कोणी खात नाही. कांदा-खोबरं भाजून केलेल्या वाटणात, काळ्या मसाल्यात, प्रेशर कुकरला चांगल्या शिट्ट्या करून रस्सा करा. पुढच्या पायाचं मांस त्यात फार छान मऊ होतं. शिजवण्यापूर्वी सगळी चरबी काढून टाका. कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी वेगळी ठेवा, कोशिंबिरीला तीच सुरी लावू नका.

कातडं पुण्याला न्यायचं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. काळं अस्वल साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. अमेरिकेतून बाहेर काढायला परवाना लागतो आणि भारतात आणणं त्याहून अवघड आहे.

मांसाची वाटणी परतायच्या आदल्या रात्रीच करा, गोळी कोणीही मारलेली असो, सगळ्यांना सारखी. प्रत्येक पुडीवर मार्करने तारीख आणि "अस्वल, पूर्ण शिजवा" असं ठळक लिहा, मराठीत आणि इंग्रजीतही. सहा महिन्यांनी फ्रीझरमधून ती पुडी काढणारा माणूस तुमच्याबरोबर डोंगरावर आलेला असेलच असं नाही.